साक्षीची पाटी

आमच्या खोऱ्यात माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. पहिली, गेनोरनं गिरणी बुडवली. दुसरी, गेनोरनं तीस माणसांचे जीव वाचवले. पहिली सगळे सांगतात. दुसरी मी एकटीच सांगते, आणि तेही अलीकडे कमी झालं आहे.

गिरणी पिठाची नव्हे, पाटीच्या दगडाची. वर डोंगरातल्या खाणीतून दगडाचे ओले, निळसर ठोकळे रुळांवरून खाली यायचे. आमच्याकडे गोल करवतींखाली त्यांचे दूधघरांचे ओटे, पाण्याच्या टाक्या, फरश्या आणि थडग्यांचे दगड व्हायचे. इमारत तीन मजली, उंच कमानींच्या खिडक्यांची. खिडक्यांना काचा कधीच नव्हत्या. नवखा माणूस लांबून बघून म्हणायचा, केवढं मोठं हे प्रार्थनाघर! आणि आत शिरला की कानांत बोटं घालायचा. तळ्यापासून पाट काढून आणलेलं पाणी लाकडी पन्हाळीतून भिंतीच्या आत यायचं आणि गिरणीच्या पोटात बसवलेल्या चाकावर पडायचं. चार माणसं एकावर एक उभी केली तरी चाक वर उरेल एवढं उंच. अर्धं खड्ड्यात, अर्धं वर. त्याच्या दातेरी कड्यानं एक लांबच लांब लोखंडी दांडा फिरायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्या दांड्यावरून उतरलेल्या चामडी पट्ट्यांनी एकेक करवत. चाक थांबलं की सगळं थांबलं.

माझा नवरा मोरिस त्या चाकाचा माणूस. सकाळी पाण्याची झडप उघडायची, दात्यांना चरबी लावायची, पट्टे ताणायचे, संध्याकाळी झडप पाडायची. नोकरीबरोबर घर मिळालं होतं, गिरणीच्या भिंतीला चिकटूनच. आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर चाकाच्या कडेचा सज्जा. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस त्या धडधडीनं मला अन्न गोड लागलं नाही. नंतर रविवारी चाक थांबलं की चुकल्यासारखं व्हायचं.

चाकाचा आस ज्या भिंतीवर टेकला होता, ती भिंत मोरिसच्या वडिलांनी बांधलेली. एलायस गवंडी म्हणून त्यांचं नाव होतं. वरचे दोन मजलेही तिच्याच खांद्यावर. मोरिस येता-जाता त्या भिंतीवरून हात फिरवायचा, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मी चिडवायचे, "माझ्या पाठीवरून कधी फिरवशील?"

तो म्हणायचा, "तुला तडा गेला की."

तडा भिंतीला गेला. त्या वर्षी ऑगस्टात आसाच्या दगडापासून निघून तिरका वर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत. गिरणीचे कारभारी पारी साहेब बघायला आले. त्यांनी तड्यात बोट घालून पाहिलं, बोट जाईना.

"एवढ्याशानं काय होतंय?" ते म्हणाले. "मोरिस, साक्षी बसव. तिनं सांगितलं तर बघू."

साक्षी ही गवंड्यांची जुनी रीत. तड्यावर आडवी एक पातळ पाटी बसवायची, दोन्ही टोकं चुन्यात पक्की. भिंत केसभर जरी हलली तरी पाटी तुटते. पाटीचा दगड वाकत नाही, म्हणून त्याला खोटं बोलता येत नाही. मोरिसनं पाटी बसवली आणि खिळ्यानं तिच्यावर तारीख आणि आपल्या नावाची आद्याक्षरं कोरली. मग दुपारी जेवणाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, पारी साहेबांनी जाहीर केलं की साक्षी तुटली तर चाक बंद. भिंत उतरवून नवी बांधण्याइतका या गिरणीत जीव उरलेला नाही, मालक कुलूप लावतील. साक्षी शाबूत आहे तोवर काम चालेल. मोरिसनं दर सोमवारी सकाळी पाटी बघावी आणि सांगावं.

आता माझं सांगते. माझा भाऊ दाविद असाच काम सुटल्यावर दक्षिणेला कोळशाच्या खाणीत गेला. आमच्याकडे काम सुटलेल्या माणसाला दुसरी वाट नाही. आगगाडीत बसायचं आणि दक्षिणेला उतरायचं. दाविद चौदा महिने टिकला. खाणीत स्फोट झाला आणि आमच्याकडे त्याचं घड्याळ तेवढं परत आलं, काच फुटलेलं. आईनं ते दुरुस्त करू दिलं नाही. त्यामुळे पारी साहेब जेव्हा कुलूप म्हणाले, तेव्हा मला कुलूप ऐकू आलं नाही, ते घड्याळ दिसलं. मोरिस कोळशात जाता कामा नये, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी चाक थांबल्यावर मी सज्जा झाडायला गेले आणि पाटी बघितली. मधोमध तुटली होती. रेघ इतकी बारीक की बोटानं चाचपावी लागली, पण तुटली होती. मोरिस गायनाच्या तालमीला गेला होता. आमच्या प्रार्थनाघरात सूर धरून देण्याचं काम त्याचं. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. घरात येऊन पहिलं काम केलं ते म्हणजे पेटीतून वडिलांची छिन्नी आणि लाकडी मोगरी काढली.

माझे वडील ठोकळे थराथरानं फोडून पाट्या काढणारे होते. फोडणारे म्हणजे असे तसे नव्हेत. खाणीतल्या गड्यांच्या चढाओढीत सर्वांत पातळ पाटी काढायचं बक्षीस सलग तीन वर्षं आमच्या घरी आलं होतं. ते ओला ठोकळा घरी आणून चुलीपुढे मांडीवर घेऊन सराव करत आणि मी समोर बसून बघत असे. मुलीनं छिन्नी धरायची नसते. पण दाविदचा हात जड, माझा हलका, तेव्हा वडिलांनी एकदा दार लावून घेतलं आणि छिन्नी माझ्या हातात दिली. "आधी बरोबर मध्ये," ते म्हणायचे, "मग अर्ध्याचं अर्धं. हावरटपणानं एकदम पातळ काढायला गेलीस तर चुरा होईल. आणि दगड ओला पाहिजे. सुकला की त्याला काही समजावता येत नाही."

रविवारी माझं डोकं दुखलं. मोरिस सकाळच्या प्रार्थनेला गेला, सगळं खोरं गेलं. मी करवतीखालच्या गटारातून ओला तुकडा उचलून आणला, मांडीवर घेतला आणि अर्ध्याचं अर्धं करत गेले. रविवारी आमच्याकडे बटाटेसुद्धा शनिवारी सोलून ठेवतात, आणि मी छिन्नी चालवत होते! मोगरीचा प्रत्येक ठोका देवाच्या कानाशीच पडतोय असं वाटत होतं. पाटी मात्र अशी निघाली की वडिलांनी पाठ थोपटली असती. तीच तारीख, तीच अक्षरं खिळ्यानं कोरली. मोरिस आणि मी रविवारच्या शाळेत एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलो, अक्षर सारखंच. चुना ओला दिसू नये म्हणून करवतीखालची राखाडी भुकटी त्यावर चोळली. तुटलेले दोन तुकडे पिठाच्या डब्यात तळाशी घातले.

सोमवारी सकाळी मोरिस बघून आला. मी चहा ओतत होते.

"काय म्हणते साक्षी?"

"शाबूत," तो म्हणाला, आणि पावाला लोणी लावू लागला.

खाई त्याला खवखवे म्हणतात. पण खरं सांगते, मला पहिले काही दिवस काहीच खवखवलं नाही. उलट मी गाणं गुणगुणत होते. सात आठवड्यांनी माझी पाटी तुटली, तेव्हा गाणं थांबलं. पुन्हा रविवार, पुन्हा डोकेदुखी, पुन्हा छिन्नी. त्यानंतरची पाटी मात्र चार आठवडेही टिकली नाही. म्हणजे भिंत नुसती हलत नव्हती, तिची चाल वाढली होती. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मी चौथी पाटी बसवली. पिठाच्या डब्यात सहा तुकडे झाले.

आणखी एक साक्ष होती, ती मला लपवता येत नव्हती. आमचं मागचं दार. नोव्हेंबरात ते चौकटीत घासू लागलं. मोरिसनं रंधा आणून कड तासली, वर शिट्टीही वाजवली. डिसेंबरात पुन्हा घासायला लागलं, त्यानं पुन्हा तासलं.

मी म्हटलं, "दार फुगलंय की चौकट आवळलीय?"

"पावसाळी हवा," तो म्हणाला. "लाकूड आहे, फुगणारच."

आमच्याकडे पावसाळी हवा बारा महिने असते आणि ते दार अकरा वर्षं नीट लागत होतं. पण मी कोण विचारणार? चोराच्या मनात चांदणं. मी गप्प बसले.

जानेवारीत थंडी पडली. चाक इमारतीच्या आत असल्यामुळे कधी गोठायचं नाही, पण त्या आठवड्यात तळ्याचा काठही गोठला. चाकाच्या पाणी धरणाऱ्या कप्प्यांत, खड्ड्याच्या भिंतीवर, सगळीकडे बर्फ चढला. बुधवारी सकाळी चाक जड फिरू लागलं, एका अंगाला झुकल्यासारखं, आणि प्रत्येक फेऱ्याला भिंत असा हुंकार द्यायला लागली की माझी भांडी फळीवर वाजत होती. दुपारी जेवणाची शिट्टी झाली. मोरिसनं झडप पाडली, चाकाला साखळी घातली आणि कुऱ्हाड घेऊन खड्ड्यात उतरायला निघाला. दोघे गडी मदतीला येतो म्हणाले, त्यानं त्यांना परत पाठवलं.

"जा, जेवून घ्या. खाली एकालाच जागा आहे," तो म्हणाला.

खोटं होतं ते. खाली तिघांना जागा आहे. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मी आमच्या मागच्या दाराशी झटत होते. दार उघडेना. तासून तासून बोटभर फट पडली होती त्या दाराला, आणि आता ते चौकटीत असं गच्च बसलं होतं की मूठ ओढून माझ्या हाताची साल निघाली. म्हणजे रविवारपासून तीन दिवसांत भिंत एवढी सरकली. पाटी मात्र शाबूत असणार, तिचा चुना या थंडीत तीन दिवसांत धरलाच नसेल, तो पाटीसकट सरकला असेल. आणि मोरिस कुऱ्हाड घेऊन त्या भिंतीच्या मुळाशी ठोकत होता.

मी पुढच्या दारानं धावले, अंगणाला वळसा घालून, बर्फावरून दोनदा पडून. गिरणी रिकामी होती. खालून कुऱ्हाडीचे ठोके येत होते.

"मोरिस! वर ये!"

"काय झालं?"

"वर ये म्हणते ना!"

"बर्फ काढून येतो. साक्षी शाबूत आहे, कशाला घाबरतेस?"

"ती साक्षी माझी आहे," मी म्हटलं.

ठोके थांबले. बऱ्याच वेळानं शिडीवर त्याचे बूट वाजले. वर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फाचे कण होते. मला वाटलं होतं की तो विचारेल, माझी म्हणजे काय, कधी, कशी. त्यानं काहीच विचारलं नाही. कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली.

"किती?" तो म्हणाला.

"ही चौथी. आधीच्या तीन तुटल्या."

तो भिंतीकडे बघत राहिला. मी त्याचा हात धरला. "आता कोणाला सांगू नकोस. आपण ही पाटी तोडू, तू सोमवारी सांग तुटली म्हणून. नाहीतर आत्ता सांग, थंडीनं तुटली म्हण. तसंही बंदच होणार."

माझं हे म्हणणं आजही मला काही वाईट वाटत नाही. गिरणी बंद झाली असती, कोणी मेलं नसतं आणि झाकली मूठ झाकलेली राहिली असती. पण मोरिसनं मान हलवली.

"तीस माणसं तीन महिने या भिंतीखाली उभी होती, गेनोर. त्यांना कळायला पाहिजे. तुकडे आहेत?"

"पिठाच्या डब्यात."

"घेऊन ये. कबानात चल."

कबान म्हणजे जेवणाची खोली. मधोमध शेगडी, चारी बाजूंनी बाकं, सकाळपासून उकळून काळाठिक्कर झालेला चहा. पण आमचे पुरुष तिला संसद समजतात. तिथे अध्यक्ष असतो, चिटणीस असतो, ठराव, अनुमोदन सगळं असतं. नरक कायमचा असतो की काही काळापुरता, यावर तिथे एकदा तीन आठवडे वाद चालला होता. तिथे दिलेला शब्द म्हणजे शपथ, आणि तिथे बाईनं पाऊल टाकलेलं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

मी पिठानं माखलेले सहा तुकडे पदरासारख्या धरलेल्या अॅप्रनमध्ये घेऊन आत गेले. मोरिस उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

अध्यक्ष होते म्हातारे मेशाख, करवतीवरचे, एक कान करवतीला दिलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अॅप्रनकडे.

"पोरी, पाव भाजून आणलास की काय?"

दोघंतिघं हसले. मी म्हटलं, "मला बोलायचंय."

मेशाख घसा साफ करून उभे राहिले. "बाईमाणसानं इथे बोलावं का, यावर आधी मत घ्यायला हवं. सूचना कोण मांडतंय?"

"अहो मेशाखकाका, चहा थंड होतोय, बोलू द्या तिला," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"ही सूचना समजू का?"

"समजा."

"अनुमोदन?"

हात वर झाले. माझ्या आयुष्यात माझ्या बाजूनं पडलेली ती एकमेव मतं. मी तुकडे टेबलावर मांडले, दोन-दोन जुळवून, आणि सगळं सांगितलं. तारखा सांगितल्या. रविवार सांगितले. दार सांगितलं. कोणीतरी तुकडा उचलून उजेडात धरला, त्याची जाडी बघितली आणि हळूच परत ठेवला.

मेशाख उभेच होते. "एक विचारतो. मोरिसला ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला काही ठाऊक नव्हतं. मघाशी सांगितलं तेव्हा कळलं."

"कबानात बोलतेयस. विचार करून बोल."

"विचार करूनच बोलते. नव्हतं ठाऊक."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मोरिस आपल्या बुटांकडे बघत होता. जवळच्या माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बिचारा," असं कोणीतरी म्हणालंही. माझ्या खांद्यावर हात ठेवायला कोणी आलं नाही, आणि मला त्याची अपेक्षाही नव्हती.

मग ठराव झाला की चाक सुरू होणार नाही. तो मात्र एकमतानं झाला. बाहेर पडताना इफान नावाचा, दगड तासून गुळगुळीत करणाऱ्या रंधायंत्रावरचा माणूस माझ्यासमोर थांबला. त्याचं यंत्र त्या भिंतीला लागूनच होतं, आणि घरी चार लेकरं.

"गेनोर," तो म्हणाला, "मी तिथे पाठ टेकून भाकरी खायचो गं." एवढंच म्हणाला आणि गेला. त्याऐवजी त्यानं मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पुढचं लवकर झालं. पारी साहेब म्हणाले, पाटी काय, थंडीनंही तुटते, बाईच्या डोक्यानं का गिरणी चालवायची? पण माणसंच आत पाऊल टाकेनात. महिन्यानं कुलूप लागलं. प्रार्थनाघराच्या सभेत मला सभासदत्वातून काढलं; खोटेपणाबद्दल सहा महिने आणि रविवारी छिन्नी चालवल्याबद्दल वर्ष. तिथेही मेशाखच होते, यावेळी धर्माच्या खुर्चीत. मोरिसनं त्या दिवशीही सूर धरून दिला, मला तो बाहेरून ऐकू आला.

आणि मार्चमध्ये तो दक्षिणेला गेला. कोळशात. जे टाळायला मी हे सगळं केलं, तेच माझ्या तोंडानं मी घडवून आणलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते दुसऱ्या कोणाला. मी तर फुफाट्यातून आगीत घातलं त्याला.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं तड्यावर नवी साक्षी बसवली. गिरणी बंद, चाक बंद, आता कशाला, असं मी विचारलं.

"हिला कोणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बघ आणि मला लिही."

मी नदीपलीकडे दोन खोल्यांत राहायला गेले. नऊ वर्षं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चढून गेले आणि पत्रात एक शब्द लिहिला: शाबूत. मालकांनी छताची कौलं उतरवून नेली, दांडा नेला, चाक फोडून भंगारात घातलं. तीन मजल्यांच्या नुसत्या भिंती राहिल्या. एलायस गवंड्याची भिंत तशीच उभी. पाऊस, बर्फ, वारा, काही नाही. बाजारात बायका मला गाठून म्हणायच्या, "गेनोर, तुझी भिंत अजून पडली नाही हं!" मी म्हणायचे, चाकाचे हिसके होते म्हणून हलत होती, चाक थांबलं म्हणून थांबली. हे खरंच असेल. पण दरवर्षी ते मलाच थोडं कमी खरं वाटत गेलं. तीस घरांतली अकरा घरं तोवर दक्षिणेला गेली होती. इफानही गेला, लेकरांसकट.

मोरिस परत आला तो काळी थुंकी घेऊन. दोन पायऱ्या चढला की बसायचा. डॉक्टर म्हणाले, उकळलेला चहा कमी करा. खाणीतल्या माणसाला ते हेच सांगतात, फुप्फुसात काहीही असो. फेब्रुवारीत त्यानं अंथरूण धरलं. एका सोमवारी सकाळी मी शाल घेतली तेव्हा तो म्हणाला, "नीट बघून ये. या वेळी मला नीट सांग."

मी नीट बघायला गेले ते वडिलांची मोगरी शालीखाली घेऊन.

याचं मला आजही आश्चर्य वाटत नाही. त्या माणसाला मरायच्या आधी एवढं तरी कळावं की तो उगाच गेला नाही, भिंत खरंच पडणारी होती, बायकोनं त्याला वाचवलं होतं, थोडं उशिरा का होईना. पाटीला एक टिचकी पुरे होती. छत गेल्यामुळे सज्ज्यावर ऊन पडलं होतं. त्याची पाटी होती तशी होती, तारीख, अक्षरं, कडेला शेवाळ. मी मोगरी उचलली. एकदा मी शाबूत नसलेली पाटी शाबूत दाखवली होती, आता शाबूत पाटी तुटकी दाखवायची. हात तोच, वडिलांनी दार लावून शिकवलेला. मी तिथे उभी राहून मोठ्यानं रडले. मग मोगरी शालीत गुंडाळून खाली उतरले.

"काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"शाबूत," मी म्हटलं.

"बाबांनी चुना चांगला मळला होता," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तू तुटली म्हणशील. माझ्यासाठी."

"मोगरी घेऊन गेले होते."

"माहीत आहे. खुंटीवर नव्हती." तो खोकला. मी पाणी दिलं. त्यानं पेला धरला, प्यायला नाही. "तू खरं बोललीस तर मलाही बोलायला पाहिजे. तुझी पहिली पाटी बसली ना, त्याच सोमवारी मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"माझी जाड होती. ती नव्हती. तसली पाटी काढणारा हात या खोऱ्यात एकच होता, आणि तो माणूस तर कबरीत होता. मग उरलं कोण?"

"दार तासत होतास तेव्हा?"

"तेव्हाही."

"कबानात?"

"तेव्हाही." त्यानं डोळे मिटले. "मला वाटलं, बाबांची भिंत आहे, धरेल वसंतापर्यंत. पारी साहेबांना शाबूत म्हणायचो ते खोटं नव्हतं ना, पाटी शाबूतच असायची. आणि कोळशाची भीती तुला एकटीलाच होती असं वाटतं का तुला? त्या दिवशी मेशाखनं विचारलं तेव्हा मी आत येणार होतो. पाय उचलला गेला नाही, गेनोर."

मी कबानात शपथेवर सांगितलं होतं, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी बोललेली एकच गोष्ट मला अभिमानानं आठवायची, ती ही. नऊ वर्षं लोक मला खोटारडी म्हणाले, त्याला बिचारा म्हणाले, आणि मीही त्यांच्याबरोबर त्याला बिचाराच म्हणत राहिले.

"रागावलीस?"

"हो," मी म्हटलं.

"जाऊ नकोस मग. इथेच बसून रागाव."

मी पलंगाच्या कडेला बसले, त्याच्याकडे पाठ करून. खिडकीतून पलीकडे गिरणीच्या भिंती दिसत होत्या. बऱ्याच वेळानं त्याचा हात माझ्या पाठीवरून फिरला, मानेपासून कमरेपर्यंत, हळूहळू, चाचपत. मी हलले नाही.